धोकटी आणि परमुलूख

माजलगांव तालुक्यांतील दिंद्रुड हें बीड जिल्ह्यांतील एक गांव. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत मोडत होता. १९५६ सालीं तो द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. राज्यकर्ते बदलले, कचेऱ्यांची भाषा बदलली, परंतु मराठवाड्यांतील अशा गांवांत एका बाबतींत कित्येक पिढ्यांना कांहींच बदल जाणवला नाहीं. दाढी वाढली म्हणून कोणाला कोठें जावें लागत नसे. वारीक घरीं येई. न्हाव्याला त्या बाजूस वारीक म्हणतात. काखेंत धोकटी मारून तो ओसरीवर येई, घरधनी त्याच्यासमोर उकिडवा बसे, आणि गांवांतील चार बातम्या ऐकतां ऐकतां काम उरकून जाई. पैसे देण्याचा प्रसंगच नसे. सुगी झाली म्हणजे वारीक खळ्यावर जाऊन आपलें बलुतें, म्हणजे ज्वारीचा ठरलेला वांटा, हक्कानें घेऊन येई.

त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांवगाडा’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. बलुतेदारांचा व कुणब्यांचा हा व्यवहार त्यांत बारकाईनें पाहावयास मिळतो. न्हावी केवळ दाढी करीत नसे. लग्नकार्यांत त्याला मान होता, पाहुण्याचें अंग रगडणें त्याच्याकडे होतें, मशाल धरणें त्याच्याकडे होतें, आणि गळूं फोडणें किंवा कांटा काढणें यासारखी लहानसहान शस्त्रक्रियाहि तोच करी. सोयर असो वा सुतक, मुलाचें जावळ असो वा बापाचें और्ध्वदेहिक, त्याच्या वस्तऱ्यावांचून कोणताहि संस्कार पुरा होत नसे. ग्रामव्यवस्थेंतील हें नातें इतकें जुनें होतें कीं, क्षौर ही विकत घ्यावयाची वस्तु आहे अशी कल्पनाच कोणाच्या मनांत येत नव्हती.

त्याच्या धोकटींत असे तरी काय? दोनतीन वस्तरे, कातर, नखें काढावयाची नराणी, चिमटा, कंगवा, निसणा, चामड्याची पट्टी, हातांत मावेल एवढा आरसा आणि पाण्याची पितळी वाटी. फार झालें तर तुरटीचा एक खडा. साबण नाहीं आणि कुंचलाहि नाहीं. जुन्या पद्धतीचा हिंदी न्हावी नुसत्या पाण्यावर दाढी करी. पाणी लावून तो बोटांनीं गाल इतका वेळ चोळी कीं, राठ केसहि वस्तऱ्याखालीं मुकाट्यानें मान टाकी. ह्यांत शास्त्र आहे. केस पाणी शोषून घेतो, फुगतो व मऊ होतो, आणि त्याला दोनतीन मिनिटांचा अवधि लागतो. साबणाचा फेंस हें पाणी केसाशीं धरून ठेवतो व पात्याला निसरडी वाट करून देतो. केस मऊ करण्याचें मुख्य काम मात्र पाण्याचेंच असतें. वारकाचीं बोटें तें साबणावांचून करीत, एवढेंच.

अशा गांवांतून निघून जो मनुष्य परदेशीं जावयाचा, त्याची पंचाईत बोटीवर पाऊल ठेवतांच सुरू होई. त्याच्यापाशीं स्वतःचा वस्तरा नसे, कारण तो त्याला कधीं लागलाच नव्हता. त्याला स्वतःची दाढी करतां येत नसे, कारण ती विद्या त्याच्या जातीची नव्हती. खाऱ्या पाण्यांत साबण फेंसाळत नाहीं, आणि बोट तर एकसारखी हलत असे. मोठ्या आगबोटींवर न्हावी असे, त्याचें लहानसें दुकानहि असे. परंतु तो साहेबांचा न्हावी. त्याचा दरहि साहेबी आणि त्याची खुर्चीहि साहेबी. उकिडवें बसण्याची संवय असलेल्या मनुष्याला त्या खुर्चींत मान मागें टाकून परक्याच्या हातीं गळा देतांना काय वाटत असेल, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. गांधीजींनीं आपल्या आत्मकथेंत म्हटलें आहे कीं, विलायतेस जाणारा मनुष्य निदान स्वतःची दाढी करण्यास तरी तेथें शिकतोच. स्वतःचे केस कापण्यास मात्र कोणी शिकत नाहीं. ह्या साध्या विधानांत एका पिढीचा अनुभव आला आहे.

तत्पूर्वीं शंभर वर्षें एक मराठी मंडळ लंडनला जाऊन आलें होतें. रघुनाथराव पेशव्यांनीं आपलें गाऱ्हाणें इंग्लंडांत मांडण्याकरितां हणमंतराव नांवाच्या ब्राह्मण वकिलाला पाठविलें. त्याच्याबरोबर मणियार हे पारशी गृहस्थ व त्यांचे चिरंजीव होते. १७८१ सालीं एडमंड बर्क यानें त्यांना आपल्या बीकन्सफील्ड येथील घरीं ठेवून घेतलें, आणि त्यांचा स्वयंपाक व स्नानसंध्या सोंवळ्यांत व्हावी म्हणून बागेंतील कांचगृह त्यांच्याकरितां मोकळें करून दिलें. बर्कचें हें सौजन्य खरोखर वाखाणण्यासारखें होतें. परंतु शेंडी राखून डोकें करावयाचें, तिथिवार पाहून करावयाचें, आणि नंतर स्नान करून शुद्ध व्हावयाचें, हा विधि त्या काळच्या लंडनमधील केशकर्तनकाराला कोठून ठाऊक असणार! तो बिचारा सरदारांच्या टोपांना पिठी लावण्यांत गुंतलेला होता.

परदेशीं क्षौराचें साहित्य मिळत नसे असें नाहीं. रग्गड मिळे. अडचण निराळीच होती. दाढीचा विलायती साबण उत्तम होई तो गाईच्या किंवा मेंढीच्या चरबीपासून. कारण त्या चरबींतील घट्ट अम्लामुळें फेंस दाट येतो व टिकतो. कुंचला पाहावा तर तो डुकराच्या राठ केसांचा, नाहीं तर बॅजर नांवाच्या श्वापदाच्या केसांचा. म्हणजे हिंदूला साबण वर्ज्य आणि मुसलमानाला कुंचला वर्ज्य. १८५७ सालच्या काडतुसांची आठवण व्हावी असाच हा प्रकार होता. फरक एवढाच कीं, येथें कोणी सक्ती करीत नव्हतें आणि ज्याचा त्यानें आपल्या मनाशीं निकाल लावावयाचा होता. बहुतेकांनीं तो कसा लावला हें उघड आहे. घरच्या पत्रांत साबणाची चौकशी कोणी करीत नसे व कोणी सांगतहि नसे. त्यांतून लंडनचें पाणी जड. खडूच्या थरांतून येणारें तें पाणी साबणाला फेंस येऊं देत नाहीं, त्याचा पांढरा साका करून टाकतें. नव्या मनुष्याला वाटे, आपलाच हात बसला नाहीं.

चरबीच्या प्रश्नाला उत्तर मिळालें तें मुंबईंत. कुलुपें व तिजोऱ्या करणाऱ्या अर्देशीर गोदरेज यांनीं १९१८ सालाच्या सुमारास प्राण्यांची चरबी मुळींच न घालतां वनस्पतींच्या तेलापासून साबण काढला. स्वदेशीच्या चळवळीनें त्याला उचलून धरलें, आणि सोंवळ्यांतील घरांतहि साबणाची वडी शिरली.

वस्तऱ्याची कथा याहून नवलाची आहे. गेल्या शतकाच्या आरंभापासून दक्षिणेंतील शहरांतले नामांकित न्हावी शेफील्डचा किंवा जर्मनींतील सोलिंगेनचा वस्तरा अभिमानानें दाखवीत. विलायती पोलादाची धार ती धार, असें सर्वांचें मत. परंतु त्यापूर्वीं सुमारें शंभर वर्षें खुद्द विलायतेंत काय चाललें होतें तें पाहावें. मुंबईस डॉक्टर हेलेनस स्कॉट म्हणून कंपनीच्या नोकरींत एक गृहस्थ होते. त्यांनीं १७९४ च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे हिंदी पोलादाचे नमुने पाठविले. ह्या पोलादाला इंग्रज ‘वुट्झ’ म्हणत. ‘उक्कु’ ह्या कानडी शब्दाचा तो अपभ्रंश असावा. १७९५ सालीं जॉर्ज पिअर्सन यानें त्या पोलादावर सोसायटीपुढें निबंध वाचला. जेम्स स्टोडार्ट नांवाचा लंडनमधील शस्त्रकार तर त्याच्या इतका प्रेमांत पडला कीं, शस्त्रवैद्याचीं हत्यारें, वस्तरे आणि उंची पातीं आपण हिंदी पोलादाचीं करतों, आणि वर्षानुवर्षें तुलना करून पाहिल्यावर युरोपांतील उत्तमांतील उत्तम पोलादापेक्षां आपण तेंच पसंत करतों, अशी जाहिरात त्यानें आपल्या दुकानाच्या पत्रिकेवर छापली.

पुढें ह्याच स्टोडार्टनें मायकेल फॅरडे याला हाताशीं धरलें. विजेचे शोध लागण्यापूर्वींचा हा तरुण फॅरडे. हिंदी पोलादांत असें काय आहे कीं त्याला इतकी धार येते, हें शोधण्याकरितां दोघांनीं पोलादांत नाना धातु मिसळून पाहिले आणि १८२० व १८२२ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. हिंदी पोलादाचें सर्व रहस्य त्यांच्या हातीं लागलें नाहीं. परंतु मिश्रधातूंच्या शास्त्राचा पाया त्यांतून घातला गेला. फॅरडे आपल्या मित्रांना आपल्या पोलादाचे वस्तरे भेट म्हणून देत असे.

आणि हें पोलाद होत होतें कोठें? ज्या ठिकाणांचें वर्णन चांगलें उपलब्ध आहे, त्यांतलें एक निजामाच्या राज्यांतील, आजच्या तेलंगणांत निजामाबाद जिल्ह्यांत असलेलें कोनसमुद्रम् हें गांव. त्रिकोणमितीच्या पाहणींत काम करणारे डॉक्टर व्हॉयसी यांनीं तेथील भट्ट्या पाहिल्या होत्या. त्यांचें वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर १८३२ सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत छापून आलें. मातीच्या मुशींत लोखंड घालून, त्याबरोबर कोळशाचा अंश देऊन, तोंड बंद करून तें तासन्‌तास तापवीत आणि सावकाश निवूं देत. इराणांतील व्यापारी हें पोलाद घेण्याकरितां स्वतः तेथवर येत असत. दमास्कसच्या ज्या तलवारींचें नांव जगभर गाजलें, त्यांचें पोलाद ह्याच दख्खनच्या वाटेनें जात होतें. तेव्हां दिंद्रुडच्या वारकानें धोकटींतून शेफील्डचा वस्तरा काढून तो विलायतेचा म्हणून मिरवावा, आणि त्याच राज्यांतील लोहारांच्या भट्ट्या मात्र विझून जाव्या, असा हा व्यापाराचा उलटा फेरा होता. स्वस्त विलायती पोलाद बंदरांत उतरूं लागलें आणि मुशींचें पोलाद महाग ठरलें. कोनसमुद्रम् च्या लोहाराला कोणी हरविलें नाहीं; त्याच्याकडे गिऱ्हाईक यावयाचें थांबलें.

धोकटी स्वतः समुद्र ओलांडून गेली ती फौजेबरोबर. हिंदी पलटणींबरोबर लढवय्यांखेरीज भिस्ती, धोबी, स्वयंपाकी, भंगी व न्हावी अशी सेवकांची तुकडी जात असे. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांत हिंदुस्थानांतून जे साडेपांच लाखांहून अधिक लोक गेले, त्यांतले जवळजवळ निम्मे असे बिनलढवय्ये होते. मराठा पलटणींचा मोठा भाग याच मोहिमेंत होता. कुत-अल-अमाराच्या वेढ्यांत १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलअखेरपर्यंत ज्या फौजा उपासमारींत अडकून पडल्या, त्यांत १०३, ११० व ११७ ह्या मराठा पलटणी होत्या. निजामाच्या राज्यांतून गेलेलें हैदराबाद लान्सर्स हें घोडदळ सुवेझच्या कालव्यावर व पुढें पॅलेस्टाइनमध्यें होतें. १९१८ च्या सप्टेंबरांत हैफा घेणाऱ्या ब्रिगेडमध्यें जोधपूर व म्हैसूरच्या स्वारांबरोबर त्याचा समावेश होता. ह्या लष्करी न्हाव्यांचीं नांवें इतिहासांत नाहींत. पदकें लढणाऱ्यांना मिळालीं आणि तें योग्यच झालें. तथापि रणांगणापासून दोन मैलांवर, तैग्रिस नदीचें गढूळ पाणी वाटींत घेऊन, ओळीनें बसलेल्या शिपायांच्या दाढ्या करणारा तो मनुष्य बलुत्याचा गांव सोडून पगारावर काम करणारा वारीक होता, हें विसरून चालणार नाहीं.

त्याच युद्धानें त्याचा धंदाहि पोखरला. किंग कँप जिलेट नांवाच्या अमेरिकन विक्रेत्यानें, बोथट झालें कीं फेंकून द्यावयाचें पातळ पातें, अशी कल्पना काढली, आणि विल्यम निकर्सन ह्या यंत्रविशारदानें ती प्रत्यक्षांत आणली. १९०३ सालीं, विक्रीच्या पहिल्या वर्षीं, एक्कावन्न यंत्रें आणि एकशें अडुसष्ट पातीं एवढाच माल खपला. दुसऱ्या वर्षीं मात्र नव्वद हजार यंत्रें गेलीं. १९१७ सालीं अमेरिका युद्धांत उतरली तेव्हां सरकारनें सैनिकांकरितां सुमारें पस्तीस लाख यंत्रें व तीन कोटींहून अधिक पातीं घेतलीं. विषारी वायूचा मुखवटा गालाला घट्ट बसला पाहिजे, म्हणून दाढी रोज झाली पाहिजे, आणि खंदकांत न्हावी कोठून आणावा? ब्रिटिश फौजेंत तर ओठावरील मिशी काढण्याची शिपायाला मनाई होती. तो नियम १९१६ च्या ऑक्टोबरांत रद्द झाला. युद्ध संपल्यावर हे लाखों तरुण आपलें यंत्र घेऊन घरीं गेले, आणि न्हाव्याकडे दाढीसाठीं जाण्याची संवय युरोप-अमेरिकेंत मोडली.

ह्याच युद्धांत परदेशीं कुंचला विकत घेणें हें कांहीं काळ जिवावरचें काम झालें होतें. कुंचल्याचे केस पूर्वीं रशिया, चीन, सैबेरिया येथून येत. ते जर्मनी व फ्रान्स येथें स्वच्छ होऊन, जंतुविरहित होऊन मग कारखान्यांत जात. युद्धानें ती वाट बंद झाली. बॅजरचे केस मिळेनात, तेव्हां घोड्याच्या केसांना रंग देऊन त्यांचे कुंचले करण्यांत आले, आणि स्वच्छ करण्याची पायरी गाळली गेली. अशा केसांत काळपुळीच्या रोगाचे बीजाणु असत. जनावरांच्या ह्या रोगाला इंग्रजींत अँथ्रॅक्स म्हणतात. दाढी करतांना बारीकशी चीर पडावयाची, कुंचला तिच्यावर फिरावयाचा, आणि दोनतीन दिवसांत गालावर किंवा मानेवर काळी पुळी उठावयाची. चेहरा व मान सुजून येई, आणि त्या काळीं पेनिसिलिन नव्हतें. अमेरिका व ब्रिटन मिळून सैनिक व नागरिक धरून दोनशेंहून अधिक मनुष्यांना हा रोग कुंचल्यामुळें झाला. कित्येक त्यांत दगावले. जपानहून आलेल्या स्वस्त कुंचल्यांवर संशय स्थिर झाला आणि १९२० सालीं ब्रिटननें त्यांची आयात बंद केली. लंडनच्या बाजारांत दोन शिलिंग वांचविण्याकरितां स्वस्त कुंचला उचलणाऱ्या विद्यार्थ्यांना ह्याची वार्ताहि नसेल. नुसत्या बोटांनीं दाढी भिजविणारा आपला वारीक ह्या बाबतींत, नकळत कां होईना, फार सुरक्षित ठरला.

एवढा वेळ साहित्याचा विचार झाला. परंतु साहित्य हाताशीं असून, पैसा खिशांत असून, न्हाव्याचें दुकान समोर उघडें असून जेव्हां क्षौर मिळत नाहीं, तेव्हांची गोष्ट निराळी असते. दक्षिण आफ्रिकेंत प्रिटोरिया येथें गांधीजी एका इंग्रज न्हाव्याच्या दुकानांत गेले. त्यानें तिरस्कारानें नकार दिला. गांधीजी तेथून निघाले, त्यांनीं केस कापावयाचें यंत्र विकत घेतलें आणि आरशासमोर उभें राहून स्वतःचे केस स्वतःच कापले. पुढचे कसेबसे जमले, मागचे बिघडले. दुसऱ्या दिवशीं कोर्टांत स्नेही मंडळींची हंसतां हंसतां पुरेवाट झाली. डोक्यावर उंदीर फिरले काय, अशी पृच्छा झाली. गांधीजींनीं गोऱ्या न्हाव्याची हकीकत शांतपणें सांगितली. ह्या प्रसंगावर त्यांनीं पुढें आत्मकथेंत जो विचार केला, तो प्रसंगापेक्षां मोठा आहे. त्या न्हाव्याला दोष देतां येत नाहीं, असें ते म्हणतात. काळ्या मनुष्याचे केस कापले असते तर त्याचें गिऱ्हाईक तुटलें असतें. आपण तरी आपल्या न्हाव्यांना आपल्या अस्पृश्य बांधवांची हजामत कोठें करूं देतों? तें आपलें पाप आपल्याला येथें फेडावें लागत आहे, ह्या जाणिवेनें त्यांना राग आला नाहीं.

ह्या वाक्यांतील ‘आपण’ कोण, हें महाराष्ट्रांत शोधावयास दूर जावें लागत नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आपल्या आठवणींत साताऱ्याच्या बालपणाची हकीकत सांगितली आहे. त्यांचे व त्यांच्या भावांचे केस त्यांची वडील बहीण कापीत असे, आणि ती त्यांत चांगली तरबेज झाली होती. साताऱ्यांत न्हावी नव्हते असें नाहीं. न्हाव्याला द्यावयास घरांत पैसे नव्हते असेंहि नाहीं. वडील सैन्यांतील सुभेदार. परंतु अस्पृश्याच्या डोक्याला हात लावण्यास एकहि न्हावी तयार नव्हता. १९१३ सालीं हाच मुलगा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेला, आणि १९१६ सालीं लंडनला. परदेशीं गेल्यावर न्हावी मिळेना, ही इतरांची तक्रार. ज्याला स्वतःच्या गांवींच न्हावी मिळाला नाहीं, त्याच्या दृष्टीनें देश कोणता आणि परदेश कोणता?

आरंभीं दिंद्रुडसारख्या गांवांतील वारकाचें जें चित्र रंगविलें, तें म्हणूनच अपुरें आहे. दाढीसाठीं कोणाला कोठें जावें लागत नसे, हें वेशीच्या आंतील वस्तीपुरतें खरें. वेशीबाहेर महारवाड्यांत व मांगवाड्यांत वारीक जात नसे. तेथें माणसें एकमेकांचीच हजामत करीत, मिळेल त्या वस्तऱ्यानें. महार व मांग हेहि गांवगाड्यांतील बलुतेदारच. गांवाचीं कामें त्यांनीं करावयाचीं, परंतु वारकाच्या सेवेवर त्यांचा हक्क नाहीं. आणि दोष सर्वस्वी वारकाचा होता असेंहि म्हणतां येत नाहीं. प्रिटोरियाच्या न्हाव्याप्रमाणेंच त्याच्याहि मागें त्याचें गिऱ्हाईक उभें होतें, आणि त्याच्याजवळ दुसरें दुकान काढण्याची मुभासुद्धां नव्हती. वस्तरा त्याच्या हातांत असला तरी तो कोणाच्या डोक्यावर चालावा हें पाटील-पांढरी ठरवीत असे. जातीबाहेर टाकलेल्या मनुष्याला वठणीवर आणावयाचें झालें कीं, न्हावी-धोबी बंद करणें हें गांवाचें पहिलें शस्त्र असे. परदेशगमन करून आलेल्यांवर तें अनेकदां उगारण्यांत आलें. मग तो मनुष्य प्रायश्चित्ताला तयार झाला म्हणजे वपन हें त्या प्रायश्चित्ताचें एक मुख्य अंग. त्यासाठीं पुन्हां न्हावीच लागे.

ह्या शस्त्राला न्हाव्यांनीं स्वतः नकार दिल्याचें एक उदाहरण मात्र आवर्जून सांगितलें पाहिजे. १८९० सालीं मुंबईंत सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हाव्यांची सभा भरली, आणि विधवांचें केशवपन आपण करणार नाहीं असा निर्धार तींत झाला. सुशिक्षितांच्या वर्तमानपत्रांतून त्या विषयावर कित्येक वर्षें शाई खर्च होत होती. ज्यांच्या हातांत वस्तरा होता त्यांनीं तो खालीं ठेवण्याचें ठरविलें, आणि तेंहि मिळकतीवर पाणी सोडून.

सेफ्टी रेझर आला आणि शहरी मध्यमवर्गाच्या घरांतून न्हावी हळूहळू बाहेर पडला. ज्याला गांवचा न्हावी शिवत नव्हता त्यालाहि पातें विकणारा दुकानदार जात विचारीत नसे. ह्या लहानशा पोलादी तुकड्याचा हा गुण पाश्चात्त्य लेखकांच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत पोलाद तोफांकडे वळलें आणि पात्यांचा दुष्काळ पडला. इंग्लंडांत जुनें पातें कांचेच्या पेल्याच्या आंतल्या बाजूस घासून धार लावण्याची युक्ति घरोघर चालूं झाली. फेब्रुवारी १९४२ पासून तेथें साबणावर नियंत्रण आलें, तरी दाढीचा साबण त्यांतून वगळला होता. सरकारलाहि गुळगुळीत गालांचें महत्त्व पटलें होतें म्हणावयाचें. स्वातंत्र्यानंतर पातीं हिंदुस्थानांतच होऊं लागलीं, आणि ठाण्याच्या कारखान्यांत झालेलीं पातीं पुढें परदेशांतील बाजारांतहि गेलीं. एके काळीं शेफील्डचा माल येथें येत होता, त्याच्या उलट ही वाटचाल झाली.

आज विमानानें परदेशीं निघालेल्या मनुष्याला सुटें पातें हातांतील सामानांत नेऊं देत नाहींत. जुन्या पद्धतीचें यंत्र वापरणाऱ्यानें तें मोठ्या पेटींत टाकावें, नाहीं तर उतरल्यावर पातीं शोधीत हिंडावें. परक्या शहरांतील मोठमोठ्या दुकानांत पांच पांच धारांचे, जडावाच्या दागिन्याच्या भावाचे मुखडे ओळीनें टांगलेले असतात. साधें दुधारी पातें मात्र एखाद्या तुर्की किंवा हिंदी वाण्याच्या दुकानांत मिळून जातें, आणि तेथेंच पुष्कळदां तुरटीचा खडाहि सांपडतो.

मराठवाड्यांतील गांवोगांवच्या सलूनांत आतां जुना वस्तरा उरलेला नाहीं. त्याच्या आकाराची एक मूठ असते आणि तिच्यांत पातें बसवावयाची खांच. एड्सच्या भीतीनें १९९० नंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला नवें पातें लावण्याची रीत पडली, आणि सगळें पातें एकाला लावणें परवडत नाहीं. म्हणून कारागीर वेष्टण न काढतांच तें दुधारी पातें दोन बोटांत धरून मधोमध कट्‌कन मोडतो, एक अर्धें मुठींत बसवितो, आणि दुसरें अर्धें कागदांत गुंडाळून, बांकावर बसलेल्या पुढच्या मनुष्याकरितां आरशाखालच्या फळीवर ठेवून देतो.